गेम हिट, तरी हातात नारळ : व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांच्या नोकऱ्या इतक्या बेभरवशाच्या का असतात?

बारावीचा निकाल लागला की वैजापूरसारख्या गावातल्या एखाद्या घरात हा संवाद आता सहज ऐकू येऊ शकतो.

"पप्पा, मला गेम डेव्हलपर व्हायचंय."

"म्हणजे? दिवसभर मोबाईलवर तेच तर करतोस!"

मग पोरगं समजावून सांगतं की गेम खेळणं वेगळं आणि बनवणं वेगळं. पुण्यात मोठमोठे स्टुडिओ आहेत, कोर्स आहेत, पगार चांगला मिळतो. कोर्सची फी मात्र काही लाखांत आहे. पप्पा म्हणतात, कांद्याचे पैसे येऊ दे, मग बघू. आणि जाता जाता एकच प्रश्न विचारतात, "नोकरी टिकती का पण तिथं?"

पप्पांचा प्रश्न साधा आहे, पण जगभरातले गेम बनवणारे लोक गेली तीन वर्षं नेमका हाच प्रश्न विचारतायत. त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. वैजापूरहून काही तासांवर असलेल्या पुण्यात ते सापडतं.

पुण्याला मिळालेली मोठी संधी

'युबिसॉफ्ट' ही फ्रान्सची कंपनी. 'असॅसिन्स क्रीड', 'फार क्राय' हे गेम हिचेच. २००८ मध्ये तिनं 'गेमलॉफ्ट'चा पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि युबिसॉफ्ट पुणे सुरू झालं. २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला.

सुरुवातीची बरीच वर्षं इथलं काम मुख्यतः मदतीचं होतं. मूळ गेम बाहेर बनायचा आणि पुण्यात त्याचं टेस्टिंग व्हायचं, किंवा एका मशीनवरचा गेम दुसऱ्या मशीनवर चालेल असं करून द्यायचं. आपल्याकडे मोठ्या बिल्डरच्या हाताखाली प्लास्टरचं, फरशीचं काम घेणारे असतात, तसंच. काम चोख असतं, पण बोर्डावर नाव बिल्डरचं.

सप्टेंबर २०२० मध्ये हे चित्र बदललं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅन्ड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गाजलेल्या गेमचा रिमेक येणार अशी घोषणा झाली आणि तो बनवणार होते पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. सायबर कॅफेत तासाला पैसे देऊन हा गेम खेळलेल्या पिढीसाठी ही छाती फुगवणारी बातमी होती.

पण ट्रेलर आला आणि इंटरनेटवर ग्राफिक्सची थट्टा सुरू झाली. २१ जानेवारी २०२१ ला येणारा गेम आधी मार्चवर गेला, मग बेमुदत पुढे ढकलला गेला. मे २०२२ मध्ये प्रोजेक्ट पुणे-मुंबईकडून काढून कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे देण्यात आला. २०२४ मध्ये सांगितलं गेलं, २०२६ ला नक्की. आणि २१ जानेवारी २०२६ ला, म्हणजे पहिल्या जाहीर तारखेच्या बरोबर पाच वर्षांनी, युबिसॉफ्टनं हा गेम रद्दच केला. त्याच दिवशी आणखी पाच गेम रद्द झाले. हॅलिफॅक्स आणि स्टॉकहोमचे स्टुडिओ बंद करण्याचा निर्णयही त्याच महिन्यात समोर आला.

आता यातली मेख बघा. एखाद्या आर्टिस्टनं या गेमवर दोन-तीन वर्षं घालवली असतील, तर त्याच्याकडे दाखवायला काय उरलं? गेम बाजारात आलाच नाही, म्हणजे क्रेडिटमध्ये नाव नाही. केलेलं काम कंपनीच्या मालकीचं, त्यामुळे परवानगीशिवाय ते पोर्टफोलिओतही टाकता येत नाही. नोकरी टिकली तरी ती वर्षं कागदावर कोरी राहतात. या धंद्यातली अस्थिरता फक्त पगार बंद होण्यापुरती नसते, ती अशीही असते.

गेम म्हणजे कांद्याचं पीक

हे समजायला वैजापूरकरांना वेगळं शिकवायची गरज नाही. कांद्यात काय होतं? रोप, लागवड, खत, मजुरी, सगळा पैसा आधी जमिनीत जातो. भाव किती मिळणार हे मार्केट यार्डात लिलाव होईपर्यंत कळत नाही.

मोठा गेम अगदी तसाच असतो. तो बनायला चार-पाच, कधी त्याहून जास्त वर्षं लागतात आणि या काळात कमाई शून्य. सोनीच्या 'स्पायडरमॅन २' या गेमचा खर्च ३० कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं २०२३ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून समोर आलं होतं. एवढा पैसा लावून झाल्यावर 'भाव' कळतो तो गेम बाजारात आल्यावर, तोही पहिल्या काही दिवसांत.

'कॉन्कॉर्ड' हे याचं सगळ्यात क्रूर उदाहरण. सोनीचा हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला. खेळायला माणसंच फिरकली नाहीत. ६ सप्टेंबरला, म्हणजे दोन आठवड्यांत, तो बंद करून लोकांचे पैसे परत दिले गेले. ऑक्टोबरअखेर तो बनवणारा 'फायरवॉक' स्टुडिओच बंद करण्याची घोषणा झाली.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. गेमची कल्पना ठरवताना वीस-तीस माणसं पुरतात. प्रत्यक्ष काम सुरू झालं की शेकडो लागतात. गेम बाजारात गेला की एवढ्या सगळ्यांना द्यायला काम नसतं. पुढचा गेम अजून कागदावर असतो. मग कंपनी काय करते? जास्तीच्या लोकांना नारळ देते. सुगी संपली की मजूर कमी करतात, तसं.

पण गेम हिट झाला तर नोकरी वाचते ना?

इथंच खरी गंमत आहे. नाही, वाचतेच असं नाही.

जपानच्या 'टँगो गेमवर्क्स' स्टुडिओनं २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' आणला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पुरस्कार मिळाले. मे २०२४ मध्ये मालक कंपनी मायक्रोसॉफ्टनं हा स्टुडिओ बंद करत असल्याचं सांगितलं. पुढे कोरियाची 'क्राफ्टन', म्हणजे आपल्याकडे 'बीजीएमआय' चालवणारी कंपनी, मदतीला आली आणि स्टुडिओ तिच्याकडे गेला. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

याचं कारण असं की नोकरी जाणार की राहणार हे तुमच्या गेमवर नाही, तर वरच्या कंपनीच्या हिशेबावर ठरतं. कोरोनाच्या काळात सगळे घरात बसून गेम खेळत होते. व्याजदर कमी होते, पैसा स्वस्त होता. कंपन्यांना वाटलं ही वाढ आता कायमची. त्यांनी धडाधड भरती केली आणि कर्ज काढून स्टुडिओ विकत घेतले. मग लॉकडाऊन उठला, लोक बाहेर पडले, व्याजदर चढले आणि हिशेब कोलमडला.

पुढचे आकडेच बोलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये 'फोर्टनाइट'वाल्या एपिकनं सुमारे ८३० लोक काढले. जानेवारी २०२४ मध्ये युनिटीनं १,८००, रायटनं ५३० आणि मायक्रोसॉफ्टनं गेमिंग विभागातून १,९०० लोक काढायचं जाहीर केलं. फेब्रुवारीत सोनीनं ९०० जणांचा नंबर लावला. यातल्या मायक्रोसॉफ्टनं तीनच महिने आधी 'अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड' ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलर मोजून घेतली होती. पैसा होता, पण तो माणसांसाठी नव्हता.

गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या २०२५ च्या पाहणीत, मागच्या वर्षभरात आपली नोकरी गेली असं साधारण दर दहातल्या एकानं सांगितलं.

नोकरी आहे, पण घरी कधी जायचं?

आता नोकरी टिकलेल्यांचं बघू. या धंद्यात 'क्रंच' नावाचा एक शब्द रोज कानावर पडतो. अर्थ सोपा आहे, गेमची तारीख जवळ आली की रात्रंदिवस काम. आठवड्याला ६०, ७०, ८० तास.

२००४ मध्ये अमेरिकेत एका बाईनं नाव न सांगता इंटरनेटवर लिहिलं की तिचा होणारा नवरा 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या गेम कंपनीत किती तास राबतोय आणि त्याची तब्येत कशी ढासळतीये. ते लिखाण वाऱ्यासारखं पसरलं. थकलेल्या ओव्हरटाइमसाठी कंपनीवर खटले झाले आणि एकट्या आर्टिस्ट लोकांच्या खटल्यात कंपनीला दीड कोटी डॉलरहून जास्त रकमेची तडजोड करावी लागली.

तरी सवय गेली नाही. २०१८ मध्ये 'रेड डेड रिडेम्प्शन २' च्या वेळी १०० तासांच्या आठवड्यांचा विषय गाजला. २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' साठी आठवड्याचे सहा दिवस काम लावलं गेलं, तेही कंपनीनं आधी 'सक्ती करणार नाही' असं सांगितलेलं असताना.

लोक हे सहन का करतात? कारण गेम ही त्यांची आवड असते. लहानपणापासून जे करायचं होतं ते मिळालंय, मग तक्रार कशी करायची? आणि दाराबाहेर तुमच्याच जागेसाठी शंभर पोरं उभी असतात. "तुला नसेल जमत तर सांग," हे वाक्य तिथं न बोलताही ऐकू येतं.

भारतात काय वेगळं आहे?

भारतातलं गेमचं काम मोठ्या प्रमाणात बाहेरच्या कंपन्यांसाठी चालतं. कुणी गाड्यांची मॉडेल्स बनवतं, कुणी झाडं-इमारती, कुणी चुका शोधतं. हे काम कंत्राटावर येतं. तिकडे कुणी शिंकलं की इकडे सर्दी होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच झालं. 'टेक्निकलर' ही सिनेमाचे व्हीएफएक्स, अॅनिमेशन आणि गेमचं काम करणारी पॅरिसची कंपनी कोसळली. बंगळुरू आणि मुंबईतल्या ऑफिसांचे दरवाजे अचानक बंद झाले आणि सुमारे ३,००० लोकांच्या नोकऱ्यांवर गदा आल्याच्या बातम्या आल्या. चूक इथल्या आर्टिस्टची नव्हती. कंपनीचा ताळेबंद बिघडला होता, तोही हजारो किलोमीटर लांब.

मग ड्रीम ११ वगैरे बंद झालं ते काय होतं?

इथं बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून हे नीट समजून घ्या.

आपल्याकडे 'गेमिंग' म्हटलं की दोन वेगळे धंदे येतात. एक, पैसे लावून खेळायचे गेम, म्हणजे रमी, पोकर, फॅन्टसी क्रिकेट. दुसरा, खऱ्या अर्थानं व्हिडिओ गेम.

पहिल्या धंद्यावर आधी २०२३ मध्ये २८ टक्के जीएसटीचा बोजा पडला. तेव्हाच 'एमपीएल'नं सुमारे ३५० लोक काढले होते. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत पैसे लावून खेळायच्या गेमवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.

लोकांची घरं जुगारात बुडत होती, त्यामुळे बंदीचं अनेकांनी स्वागत केलं. पण त्या कंपन्यांत कोडिंग करणारी, डिझाइन करणारी, कस्टमर केअरवर बसणारी अनेक मुलं रस्त्यावर आली. आता हीच मुलं व्हिडिओ गेम स्टुडिओंच्या दारात उभी आहेत. म्हणजे कायद्याचा थेट फटका बसला नाही, तरी जागांसाठीची रांग वाढली.

एआय आला, आता काय?

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेनं गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. मुद्दा होता की आमचा आवाज आणि आमच्या हालचाली रेकॉर्ड करून एआयकडून पुढचं काम फुकटात करून घेऊ नका. संप जवळपास वर्षभर चालला आणि २०२५ मध्ये एआयच्या वापराआधी संमती घेण्याच्या अटींसह करार झाला.

आपल्यासाठी यातला मुद्दा वेगळा आहे. एआय सगळ्यात आधी जे काम खातंय ते म्हणजे साधी मॉडेल्स, प्राथमिक चित्रं, ठरावीक टेस्टिंग. आणि नवीन पोरांना पहिली नोकरी याच कामांवर मिळते. शिडीच्या खालच्या पायऱ्याच निघाल्या तर वर चढायचं कसं, ही खरी भीती आहे.

कायदा कामाला येतो का?

थोडा येतो, पण माहिती असेल तरच.

महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात आधी दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं यात बदल मंजूर केले. रोजची मर्यादा १० तास, तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तास आणि या तरतुदी २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी. आठवड्याची मर्यादा ४८ तासच. दहा-बारा जणांचे छोटे गेम स्टुडिओ यातून बाहेर राहतात, हे लक्षात घ्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा.

एक, नोकरी सुटली किंवा काढलं, तर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे.

दोन, किमान वर्षभर काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो.

तीन, ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं थांबावं लागत नाही.

घोडं अडतं ते दोन ठिकाणी. डिझायनर किंवा प्रोग्रॅमर कायद्याच्या भाषेत 'कामगार' आहे की नाही, यावर कंपन्या वाद घालतात. आणि दुसरं, बऱ्याचदा काढत नाहीतच, "स्वतःहून राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ" असं सांगतात. राजीनामा दिला की ती कपात राहत नाही आणि १५ दिवसांच्या हिशेबाचा हक्कही जातो. म्हणून त्या खोलीत लगेच सही करायची नाही. घरी येऊन, कुणाला तरी दाखवून, मग ठरवायचं.

अमेरिका-युरोपात गेम कामगार आता संघटना बांधतायत. फ्रान्समध्ये युबिसॉफ्टचेच कर्मचारी २०२४ मध्ये संपावर गेले होते. आपल्याकडे पुण्यात आयटीवाल्यांसाठी 'नाइट्स' ही संघटना कपातीच्या तक्रारी कामगार खात्याकडे नेते. गेमवाल्यांची स्वतःची ताकद मात्र अजून उभी राहायची आहे.

सरकार तर म्हणतंय लाखो नोकऱ्या येणार

खरं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि २ लाख रोजगार असं लक्ष्य ठेवलंय. मुंबईत या क्षेत्राच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय दर्जाची संस्थाही सुरू झालीये.

पण किती नोकऱ्या येणार एवढंच विचारून भागत नाही. त्या किती टिकणार, किती तासांच्या असणार आणि प्रोजेक्ट बुडाला तर माणसाचं काय होणार, हेही विचारलं पाहिजे.

मग पोरानं स्वप्न सोडायचं का?

नाही. पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स'ची गोष्ट बघा. भारतीय पुराणकथांवर 'राजी' नावाचा गेम बनवायला निघालेली छोटी टीम. लोकवर्गणीची मोहीम फसली, पैसे संपत आले, तरी २०२० मध्ये गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनात पोहोचला. पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'नं २०२४ मध्ये 'इंडस' हा बॅटल रॉयल बाजारात आणला. म्हणजे इथं गेम बनतात, आपल्या मातीतले बनतात.

फक्त लाखांची फी भरण्याआधी काही प्रश्न विचारा. क्लासवाल्यांना विचारा, मागच्या दोन वर्षांत किती मुलं कुठं लागली आणि त्यातली किती अजून तिथंच आहेत? फोटोंची भिंत दाखवतील, तुम्ही फोन नंबर मागा आणि त्या मुलांशी बोला. स्टुडिओत मुलाखतीला गेलात तर विचारा, नोकरी कायम की प्रोजेक्टपुरती? पोर्टफोलिओत काय दाखवता येईल? क्रेडिटमध्ये नाव मिळेल का?

आणि असं कौशल्य घ्या जे गेमबाहेरही चालतं. प्रोग्रॅमिंग, थ्रीडी, युनिटी, अनरियल हे आर्किटेक्चर, वाहन कंपन्या, सिनेमा, ट्रेनिंग सॉफ्टवेअर इथंही लागतं. शेतकरी सगळ्या रानात एकटा कांदा लावत नाही, थोडा मका, थोडी कपाशी ठेवतो. तेच शहाणपण इथं लावायचं. नोकरी लागली की पहिल्या महिन्यापासून सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला टाकायला सुरुवात करा, कारण या धंद्यात दोन नोकऱ्यांमधलं अंतर धरूनच चालावं लागतं.

तर पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. नोकरी मिळते, पण एकाच जागी टिकेलच याची खात्री नाही. कौशल्य टिकतं. ज्याला हे आधी माहिती असतं तो नारळ मिळाल्यावर डगमगतो, पण कोसळत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी गेमिंगचा कोर्स करायच्या विचारात असेल, तर फी भरायच्या आधी हे त्याला आणि त्याच्या घरच्यांनाही वाचायला द्या.